ज्या मैदानाचा सातबारा गावाकडे नाही

2022 साली महाराष्ट्रातल्या दोन गावांनी मोबाइलबद्दल निर्णय घेतले. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. तो वाजला की दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायलाच बंदी केली. दोन्हीकडची काळजी खरी आहे. पण मला वडगावचा भोंगा अधिक न्याय्य वाटतो, कारण तो मोठ्यांनाही लागू होता. आणि दोन्ही ठिकाणी एक प्रश्न उरतोच: फोन बाजूला ठेवल्यावर मुलांनी एकमेकांना भेटायचं कुठे?

हा प्रश्न मला जालना जिल्ह्यातल्या कुंभार पिंपळगावसारख्या गावाकडे पाहिलं की टोचतो. घनसावंगी तालुक्यातलं, ऊस-कापसाच्या पट्ट्यातलं हे गाव. या भागात बालपणीची मैत्री फार लवकर पांगते. दहावी झाली की कुणी जालन्याला, कुणी संभाजीनगरला खोली करून राहतो. बीडइतकी नसली तरी या जिल्ह्यातूनही कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात, आणि वर्गातली पोरं त्यांच्यासोबत कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर जातात. मागे राहिलेल्या मित्राशी त्यांची गाठ पडते ती फ्री फायर या मोबाइलवरच्या खेळात.

हा खेळ मोठ्यांनी एकदा नीट पाहावा. एका बेटावर 50 खेळाडू हवाई छत्रीने उतरतात, डाव दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो. चौघांचं पथक असतं. त्यातला एक 'नॉक' झाला, म्हणजे कोसळला, की दुसरा गोळीबारातून रांगत त्याच्यापाशी जातो आणि त्याला उठवतो. त्यासाठी काही सेकंद स्वतःचा बचाव सोडून थांबावं लागतं. शाळेच्या ओट्यावर डोकी जुळवून बसलेल्या पोरांचं बोलणं ऐकावं: 'थांब, आलो, मरू नको.' कानात हेडफोन, हॉटस्पॉट एकाचा, आणि ज्याच्याकडे फोनच नाही तो पाचवा मित्राच्या खांद्यावरून बघत सल्ला देतोय. बाहेरून दिसते ती बंदूक. आत कुणी कुणासाठी थांबलं, कुणी सोडून पळालं, याचा हिशेब चाललेला असतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून भांडणंही होतात.

लहान मुलांसाठी म्हणून काळजीपूर्वक बांधलेलं एक ऑनलाइन जग पूर्वी होऊन गेलं. 2005 मध्ये कॅनडात सुरू झालेल्या 'क्लब पेंग्विन'मध्ये मुलं रंगीत पेंग्विन होऊन बर्फाच्या बेटावर हिंडायची. लहानग्यांना फक्त आधीच ठरवलेली वाक्यं बोलता येतील अशी सोय तिथे होती, आणि बोलण्यावर लक्ष ठेवायला माणसं नेमलेली होती. त्या बेटाजवळ एक हिमनग होता. पुरेसे पेंग्विन त्याच्या एका बाजूला जमले तर तो कलंडेल, असं मुलांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं आणि वर्षानुवर्षं ती तिथे जमत राहिली. 2007 मध्ये डिस्नेने हे जग विकत घेतलं आणि मार्च 2017 मध्ये बंद केलं. जाता जाता तो हिमनग खरोखर कलंडवला, एवढा मान मुलांच्या समजुतीला दिला. तरी बंद करण्याचा निर्णय कंपनीचाच होता.

आपल्याकडेही मुलांची भेटण्याची जागा अशीच वरून बंद झाली. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, अभ्यासासाठी म्हणून घरात फोन आला आणि त्यावरच मित्र भेटू लागले. 2 सप्टेंबर 2020 रोजी पबजी या तशाच खेळावर बंदी आली, 14 फेब्रुवारी 2022 रोजी फ्री फायरवर. या बंदीमागचं कारण मुलांचं हित नव्हतं, देशाची सुरक्षा आणि माहितीची गळती हे होतं. त्याच खेळाची दुसरी आवृत्ती, फ्री फायर मॅक्स, मात्र चालू राहिली आणि पोरं तिकडे गेली. मुलांना काय योग्य आणि काय घातक, हा प्रश्न सरकारनेही विचारला नाही आणि कंपनीनेही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की फोनमधलं हे जगही मैदानच आहे, आणि मैदानाची जी राखण आपण गावात करतो ती इथेही हवी. गायरानावर कुणी अतिक्रमण केलं तर ग्रामसभेत आवाज उठतो. इथे मात्र पोरगं बापाच्या सिमकार्डावर, वय वाढवून, अटी न वाचता आत जातं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद आहे. कायदा चांगला आहे. पण बाप शेतात आणि फोन पोराच्या हातात असताना संमतीचं बटण दाबणार कोण? अनोळखी माणूस घाणेरडं बोलला, 'डायमंड' म्हणजे खेळातलं चलन देतो म्हणून आयडी-पासवर्ड काढून घेतला, तर तक्रार मराठीत करता आली पाहिजे आणि ती वाचणाऱ्याला मराठी कळलं पाहिजे. ही मागणी पालकांनी, शिक्षकांनी आणि आमदार-खासदारांनी लावून धरण्यासारखी आहे.

आणि आणखी एक, ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. शाळेच्या त्या ओट्यावर मुली नसतात. 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत 2023 मध्ये ग्रामीण भारतातल्या 14 ते 18 वयोगटातली, स्मार्टफोन वापरता येणारी मुलं-मुली पाहिली, तर स्वतःचा फोन असलेले मुलगे 43.7 टक्के होते आणि मुली 19.8 टक्के. अंधार पडल्यावर गावातलं खरं मैदान मुलीला बंद, आणि फोनमधलं मैदान भावाच्या खिशात. तिची मैत्रीण ऊसतोडीला गेली किंवा लग्न होऊन गेली, की दोघींना भेटायला कुठलीच जागा उरत नाही. शाळेचं मैदान संध्याकाळी दोन तास दिवे लावून मुलींसाठीही उघडं ठेवायला ग्रामपंचायतीला फार मोठा निधी लागणार नाही. घरातल्या फोनवर रोज अर्धा तास लेकीचा हक्क ठरवायला तर तेवढाही लागत नाही.