ख्यापन आणि संशोधनातील चूक

प्रसिद्ध झालेले विधान खरोखर मागे घेता येते का, हा प्रश्न ज्ञानाइतकाच नीतीचाही आहे. संशोधनपत्रिका किरकोळ चुकीसाठी शुद्धिपत्र काढतात आणि निष्कर्षच विश्वासार्ह उरला नसेल तर निबंध मागे घेतात; मात्र असा निबंध सहसा पुसला जात नाही, तो संग्रहात जागच्या जागी राहतो, त्याच्या पानांवर ‘मागे घेतलेला’ असा ठसा उमटतो आणि कारण सांगणारी सूचना त्याला जोडली जाते. मनुस्मृती पापमुक्तीच्या उपायांत अनुतापाबरोबर ‘ख्यापन’, म्हणजे आपले कृत्य उघड सांगणे, याची गणना करते. त्या अर्थाने ही सूचना म्हणजे ख्यापनच होय, कारण येथे दोष लपवून नव्हे, तर दाखवून शुद्धी साधली जाते.

नोबेल मिळवलेल्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी विकरांवरील आपला २०१९ चा निबंध, प्रयोगाची पुनरावृत्ती होईना आणि प्रयोगवहीत आवश्यक नोंदी सापडेनात, तेव्हा जानेवारी २०२० मध्ये स्वतःहून मागे घेतला व चूक जाहीरपणे कबूल केली. अशा कबुलीला कलंक मानणे अन्यायाचे आहे. याउलट गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा, ‘द लॅन्सेट’मधील १९९८ चा निबंध पूर्णपणे मागे घेतला जाण्यास २०१० साल उजाडले आणि दरम्यान अनेक पालकांनी मुलांना लस देणे टाळले. मागे घेतलेल्या निबंधांचे दाखले आजही दिले जातात. म्हणून हवाला देण्यापूर्वी निबंध मागे घेतल्याची सूचना आहे का, हे प्रत्येक अभ्यासकाने पाहिलेच पाहिजे.