पांढरी आणि दप्तर

आपल्या जुन्या महसुली परिभाषेत गावाचे दोनच विभाग कल्पिलेले असत : पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. पिढ्यान्पिढ्या एकाच जागी माणसे राहतात, मातीच्या भिंती पावसाळ्यात ढासळतात, त्यांच्याच ढिगावर नव्या भिंती उभ्या राहतात, चुलीतली राख, गोठ्यातला केर आणि फुटकी मडकी त्यांत मिसळत जातात, आणि अशा रीतीने पांढरी भोवतालच्या शिवारापेक्षा पुरुष-दोन पुरुष, क्वचित त्याहूनही अधिक उंच होते. ही माती खत म्हणून उत्तम, हे कुणब्याला कोणत्याही पुराणवस्तुवेत्त्याच्या आधी ठाऊक होते. म्हणून ओसाड पांढरीची माती गाड्यांनी काळीत नेऊन पसरण्याचा प्रघात पडला, आणि त्या गाड्यांतून सातवाहनांची नाणी, काचेचे मणी, मृण्मय मूर्तींची मस्तके आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे नांगराखाली गेले. यात त्या कुणब्याचा दोष काढण्याचे मला कारण दिसत नाही. या मातीत काय आहे हे त्याला सांगणारा, आणि त्याला सापडलेली वस्तू ‘ही कुठे मिळाली?’ असे विचारून हातात घेणारा मनुष्य त्याच्या गावात नव्हता, एवढीच खरी उणीव होती.

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी असलेल्या तेर या गावाला असा मनुष्य लाभला. गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकऱ्यांना ते परिचित आहेच. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरप्रवासाच्या ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेले, जाडेभरडे कापड आणि मलमल भडोचच्या बंदराकडे गाड्यांनी रवाना करणारे ‘तगर’ नावाचे जे मोठे नगर येते, ते हेच, असा निर्णय पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीट यांनी १९०१ साली दिला. कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला मोठ्या अभिमानाने ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, ती नगरी हीच. अशा गावात रामलिंगप्पा लामतुरे यांनी जुन्या वस्तू जमविण्याचा ध्यास घेतला, आणि त्यांचा तो संग्रह पुढे शासनाच्या स्वाधीन होऊन त्यांच्याच नावाचे वस्तुसंग्रहालय तेथे उभे राहिले. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई नगरीत १९३८ साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी तेरच्या या मूर्तीचे जवळचे नाते विद्वान सांगतात.

ही मूर्ती मुंबईच्या किंवा दिल्लीच्या एखाद्या भव्य दालनात मांडली असती, तर तिचे रूप कमी झाले नसते. प्रेक्षक मात्र तिच्याकडे शेकडो सुंदर वस्तूंतली एक म्हणून पाहून पुढे गेला असता. तेरमध्ये तिला पाहून मनुष्य बाहेर पडतो तो त्याच पांढरीवर पाऊल ठेवतो; त्रिविक्रमाच्या देवळाचे गजपृष्ठाकार विटकाम पाहून येथे पूर्वी बौद्धांचे चैत्यगृह होते हे त्याला उमगते; आणि ज्या वाटेने कापडाच्या गाड्या पैठणकडे गेल्या असतील त्या दिशेस त्याची दृष्टी आपोआप वळते. वस्तू आणि तिचे ठिकाण यांचा हा समवाय टिकविणे हे लहान गावातल्या संग्रहालयाचे स्वतंत्र कार्य आहे. मोठ्या संग्रहालयाची ती लहान, गरीब आणि जरा धुळकट आवृत्ती होय, असे जे अनेक सुशिक्षितांना वाटते, ते मला मुळातच चुकीचे वाटते.

कागदपत्रांच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच खरी आहे. मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधन राजधान्यांतल्या मोठ्या इमारतींत जन्मलेले नाही. सरकारी पेशवे दप्तराचे दरवाजे अभ्यासकांना बंद होते त्या काळात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडत होते, आणि १८९८ साली निघालेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पानिपतच्या काळाविषयीचा पहिला खंड वाईस मिळालेल्या पत्रांतून सिद्ध झाला. त्याच सुमारास मिरजेस वासुदेवशास्त्री खरे हे संस्कृतचे शिक्षक, शाळेचे काम सांभाळून, पटवर्धनांच्या दप्तरांतले कागद निवडीत आणि लावीत होते. १८९७ पासून त्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध होऊ लागला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले त्याच्या मागे गावोगावच्या माळवदांखालून निघालेल्या रुमालांची ही पूर्वपीठिका होती. आणि राजवाड्यांचा देह ३१ डिसेंबर १९२६ रोजी पडला तो पुण्यात नव्हे, धुळ्यास. भास्कर वामन भट आदी धुळेकर मंडळींनी त्यांच्या दप्तराला तेथेच घर दिले, आणि राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मठामठांतून जमवून वाग्देवता मंदिरात ठेवली. खानदेशातल्या एका जिल्ह्याच्या गावी दोन-दोन ज्ञानभांडारे नांदावीत, ही गोष्ट मला आजही एखाद्या विजयाच्या वार्तेइतकी आनंद देते.

या चित्राला दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी आयुष्यभर खपून साताऱ्यास केवढा संग्रह केला! नाना फडणिसांचे मेणवलीचे दप्तर त्यात होते, चित्रे होती, नकाशे होते. त्यासाठी साताऱ्यात खास इमारत झाली. पारसनीस १९२६ मध्ये गेले आणि १९३९ साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलविण्यात आला. सातारकरांनी हळहळावे अशीच ही घटना आहे. तथापि, त्या दप्तराला तेथे अभ्यासक मिळाले, रखवाली मिळाली आणि ते वाचले, हेही तितकेच सत्य आहे. लहान गावातला संग्रह बहुधा एका माणसाच्या श्वासावर जगतो. तो मनुष्य गेला की कपाटाच्या किल्ल्या मुलाकडे जातात, मुलगा नोकरीनिमित्त परगावी असतो, आणि दोन पावसाळ्यांत कसर आणि वाळवी आपले काम पुरे करतात. म्हणून ‘जेथली वस्तू तेथेच राहावी’ हे तत्त्व मी मानतो ते एका अटीवर : त्या गावात एका माणसानंतर दुसरा मनुष्य उभा राहिला पाहिजे. एखाद्या मंडळाची घटना, सभासदांची यादी, वार्षिक सभेचे इतिवृत्त या रुक्ष वाटणाऱ्या गोष्टींचे मोल मला तेथे दिसते. व्यक्तीच्या ध्यासाला त्यांच्यामुळे उत्तराधिकारी मिळतो.

दप्तरे नष्ट का झाली याचा विचार करताना आपण नेहमी अज्ञानाला बोल लावतो. अज्ञान होतेच, परंतु त्याहून बलवत्तर अशी दोन कारणे होती, आणि ती परस्परविरुद्ध होती. पहिले कारण भीती. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, घरोघरच्या सनदांची छाननी झाली, आणि पुरावा अपुरा ठरला म्हणून हजारो इनामे खालसा झाली. तेव्हापासून ‘कागद दाखविला की जमीन जाते’ ही धास्ती इनामदार-वतनदारांच्या घरांत अशी मुरली, की पुढे संशोधक दाराशी आला तरी पेटीचे कुलूप निघेना. दुसरे कारण या भीतीचाच शेवट. १९५० च्या कायद्याने परगणा व कुळकर्णी वतने संपली, त्यानंतर पाटीलकीही गेली, आणि जी सनद आजोबांनी देवघरात जपली होती तिला नातवाच्या लेखी रद्दीचीही किंमत उरली नाही. वतने जाणे न्यायाचेच होते, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. पण वतनाबरोबर वतनाचा कागदही निरर्थक झाला, असे जे सर्वांनी गृहीत धरले, त्याने आपली फार मोठी हानी केली. वाड्यांच्या वाटण्या झाल्या, माळवदे उतरली, बस्तेच्या बस्ते बंबाखाली गेले. तत्पूर्वी गांधीहत्येनंतर झालेल्या १९४८ सालच्या जाळपोळीत दक्षिण महाराष्ट्रातल्या कित्येक घरांबरोबर त्यांतले कागदही भस्मसात झाले होते. त्यांची मोजदाद कोणी केली नाही आणि आता होणेही नाही.

जे उरले आहे, ते वाचायचे कोणी? मोडी शाळांतून गेली त्याला आता तीन पिढ्या होत आल्या. अलीकडे ठिकठिकाणी मोडीचे वर्ग निघतात आणि उत्साही तरुण-तरुणी ती शिकतात, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र लिपी येणे आणि कागद समजणे यांत अंतर आहे. एखादा महजर घ्या. गोतसभा बसली, वाद ऐकला, निवाडा झाला, आणि खाली साक्षी पडल्या : पाटलाची निशाणी नांगर, आणि बलुतेदारांच्या नावांपुढे त्यांच्या त्यांच्या धंद्याची खूण. शहरातला व्यासंगी विद्वान हा कागद झरझर वाचील, मिती-वारांचा मेळ घालील, शब्दांची व्युत्पत्ती सांगील. पण त्यात आलेली थळांची नावे, बांध, ओढे, विहिरी हे सारे त्याच्या दृष्टीने केवळ शब्द असतात. उलट त्या गावातला साठी उलटलेला शेतकरी ती जमीन तळहातासारखी ओळखतो, त्याला फक्त त्या अक्षरांचा उलगडा होत नाही. मोडी वाचणारा आणि शेत ओळखणारा ही दोन माणसे एका बैठकीवर आणणे हे गावच्या इतिहासमंडळाचे काम. माझ्या मते तेच त्याचे मुख्य काम आहे.

दुर्दैवाने आपल्या अनेक मंडळांचे लक्ष तिकडे नसते. एखादी तलवार, एखादी ढाल, एखादे शिरस्त्राण मिळाले की त्यांना कृतार्थता वाटते. आपल्या गावास शिवछत्रपतींचे पाय लागले होते की नाही यावर व्याख्यानमाला होतात. ती भक्ती मला परकी नाही. परंतु त्या गावच्या कोष्ट्याचा जमाखर्च, दुष्काळात काढलेल्या कर्जाचे रोखे, पेठेतल्या जकातीचे तक्ते, महारांच्या हक्कांविषयीचे तंटे, ही साधने त्याच कपाटात न उघडलेल्या रुमालांत पडून असतात. दप्तर लिहिले वतनदारांनी, म्हणून त्यात केवळ वतनदारच भेटतात, असा समज आहे. सावकाश वाचणाऱ्याला मात्र त्याच कागदांत सारे गाव भेटते. त्यासाठी मंडळाचे दारही साऱ्या गावाला उघडे असले पाहिजे, आणि ते पुष्कळ ठिकाणी दोन-चार आळ्यांपुरतेच उघडे राहिले, हे कबूल करावे लागते.

वस्तूंच्या नोंदवहीविषयीही मला आग्रहाने लिहावेसे वाटते. ‘जुने भांडे, एक’ अशी नोंद मी कित्येक ठिकाणी पाहिली आहे. ते भांडे कोणत्या शेतात, किती खोलीवर, विहीर खणताना की पाया घेताना मिळाले, आणले कोणी, शेजारी आणखी काय होते, हे त्या दिवशी चार ओळींत लिहून ठेवण्यास पैसा लागत नाही. आणि तो दिवस गेला की कितीही पैसा ओतला तरी ती माहिती परत येत नाही. दहा रुपयांवरील निखात सापडल्यास कलेक्टरास वर्दी द्यावी असा कायदा १८७८ पासून आहे. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच्या पुराणवस्तू आणि पंचाहत्तर वर्षांपूर्वीची महत्त्वाची हस्तलिखिते यांना संरक्षण दिले. कायदा हवाच. परंतु नांगराच्या फाळाला लागलेली वस्तू प्रथम हाती घेणारा मनुष्य कायदा वाचून आलेला नसतो. तो गावात कोणावर विश्वास ठेवतो, यावर त्या वस्तूचे भवितव्य ठरते.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका गावी, वाचनालयाच्या माडीवर भरणाऱ्या अशा एका मंडळाच्या बैठकीस मी बसलो होतो. निवृत्त शिक्षक असलेले एक गृहस्थ शिवेच्या तंट्याचा कागद मोठ्याने वाचीत होते. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे वाचन अडखळत चालले होते. ‘रांजणीपासोन पूर्वेस’ असे शब्द आले आणि चर्चा थांबली. कारण रांजणी नावाचे गाव तेथून कित्येक कोसांवर, तेथून शीव धरली तर सगळा निवाडाच निरर्थक होत होता. लेखकाचा हस्तदोष असावा, असे एकाने सुचविले आणि बहुतेकांनी मान डोलावली. नातवाला सोबत म्हणून आलेली एक वृद्धा दाराशी बसली होती. ती म्हणाली, “गुरुजी, ते गाव नव्हं. वड्यातल्या खडकात रांजणी हायेत न्हवं का, पाण्यानं कोरल्याल्या? आमी बाया तिथंच धुणं धुतो की.” गुरुजींनी चष्मा काढला. “आजी, त्या ओढ्याच्या उगवतीला काय आहे?” त्यांनी विचारले. “थोरला बांध,” ती म्हणाली, “आन् त्येच्या म्होरं दगडी म्हसोबा.” गुरुजींनी पुढची ओळ वाचली. तीत थोरला बांध होता, आणि म्हसोबाही होता.