लांबच्या वाटेने परत

खानदेशात नवरा-बायको मिळून प्रवास करतात तो लग्नाचा, दहाव्याचा, दवाखान्याचा नाहीतर देवाचा. अमळनेरहून धुळ्याला निघालेलं जोडपं बघा, एस.टी.त असो की मोटरसायकलवर. दोघांच्या मध्ये पिशवी असते. पिशवीत आहेराचं लुगडं, टॉवेल-टोपी. मांडीवर कुणाचं तरी लेकरू. बोलणं होतं ते ‘पाकिटात किती घातले?’ आणि ‘जेवण आटोपलं की लगेच निघू’ एवढंच. काम झालं की प्रवास संपला. ‘कुठे चाललात?’ याला ‘सहज’ हे उत्तर आपल्याकडे कुणाला पटत नाही.

त्या ‘सहज’ची बाजू मला आज मांडायची आहे. दोघांनीच निघावं, आपल्याच भागातली गावं बघत जावं, आणि तेही उन्हाळ्यात.

उन्हाळ्यात का? वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो, अकरानंतर डांबर पायाखाली मऊ लागतं, झळांनी डोळे चुरचुरतात, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांचं पोट शेतीवर आहे त्यांना सवड मिळते ती याच दिवसांत. रान मोकळं असतं, मृग लागायला अवकाश असतो, मुलांच्या शाळा बंद असतात. शिवाय या उन्हाचा एक मोठा गुण आहे. ते माणसाला थांबवतं. पहाटे निघायचं, दहाच्या आत कुठेतरी टेकायचं आणि पाच वाजेपर्यंत हलायचं नाही, असाच प्रवास इथे करता येतो. मधले सहा-सात तास देवळाच्या मंडपात, धर्मशाळेच्या ओट्यावर किंवा लिंबाखाली बसून काढायचे. घरी तेवढा वेळ दोघं एकमेकांसमोर कधी बसत नाहीत. तिचा चुलीशी जातो, त्याचा पारावर.

आपल्याकडे बाईला मनातलं बोलायला एक हक्काची जागा आहे, ती म्हणजे आखाजी. अक्षय तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात. घराघरांत खापरावरच्या पुरणपोळ्या होतात. ती पोळी बघण्यासारखी असते. पुरण भरलेला उंडा लाटायला पोळपाट लागतो तो सुरुवातीपुरताच. मग बाई ती पोळी दोन्ही हातांवर घेते, मनगटापासून कोपरापर्यंत झुलवत, फिरवत वाढवते, आणि उपड्या खापरावर अलगद पसरते. कडा फाटत नाही, पुरण बाहेर येत नाही. सोबत आमरस. दुपार कलली की लिंबाला बांधलेल्या झोक्यावर दोघी-दोघी उभ्या राहतात आणि गाणी सुरू होतात. सासूचा जाच, नणंदेचं बोलणं, नवऱ्याचं मुकेपण, वाट बघायला लावणारा भाऊ, सगळं त्या गाण्यांतून बाहेर पडतं. अहिराणीचा सगळा गोडवा आणि सगळी धार त्या गाण्यांत आहे. ऐकायला मैत्रिणी असतात, आई असते. ज्याने ऐकायला हवं तो मात्र तिथे नसतो. तो आपल्या गावी असतो.

मला आखाजी कमी करायची नाही. ती बाईची आहे, तिचीच राहावी. पण झोक्यावर म्हटलं जातं त्यातलं थोडं तरी वाटेवर, त्याच्या कानावर पडावं असं फार वाटतं.

वाट मी सांगतो. तापीच्या दक्षिणेला अमळनेरहून पारोळा, तिथून भडगावमार्गे चाळीसगाव, मग धुळे, आणि धुळ्याहून परत. दोन मुक्काम पुरतात. पारोळ्याचा भुईकोट ऊन चढायच्या आत बघून घ्यावा. झाशीच्या राणीच्या सासरचे नेवाळकर आणि पारोळा यांचं नातं जुनं आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी इथल्या जहागीरदारांवरही राग काढला. भडगावला गिरणा ओलांडायची आणि पुढे जायचं.

चाळीसगावला मात्र रेंगाळावं. स्टेशनाजवळ केकी मूस यांचं घर आहे. १९१२ साली जन्मलेला हा पारशी माणूस इंग्लंडला जाऊन छायाचित्रणकला शिकून आला आणि पुढे या घराबाहेर जवळपास पडलाच नाही. १९८९ च्या ३१ डिसेंबरला ते गेले तेही इथेच. घरातल्या टेबलावर कागद, माती, काड्या, भुसा मांडून ते अशी दृश्यं उभी करत की छायाचित्रात ती खऱ्या वाळवंटाची, बर्फाची, गावाची वाटत. जगभरची पारितोषिकं या घरात टपालाने आली. चाळीसगावात अजून सांगतात की, ज्या मुलीवर त्यांचं प्रेम होतं ती एके रात्री मुंबईहून रेल्वेने येणार होती. तिच्यासाठी ते रोज दार उघडं ठेवून बसत आणि मेल निघून गेली की मगच जेवत. गोष्ट जशीच्या तशी खरी असो वा नसो, ती ऐकताना आपलं माणूस शेजारी उभं असणं किती मोठं आहे ते कळतं. इथे बायकोला घेऊन यावं असं मला वाटतं ते त्यासाठी.

तिथून साधारण १८ किलोमीटरवर, गौताळ्याच्या डोंगरकुशीत पाटणादेवी आहे. उन्हाळ्याची दुपार काढायला यापेक्षा चांगली जागा या भागात मला माहीत नाही. दगडी मंडप, मागे डोंगर, झाडांत माकडं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ स्थापन केला, त्याचा शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. बराचसा संस्कृतात, आणि मठाला दिलेल्या दानाचा भाग त्या काळच्या मराठीत.

आमच्या ओळखीतले एक काका-काकू मागे तिथे दुपारभर थांबले होते. काका शेतकरी, आयुष्यभर कामाला वाघ. भास्कराचार्य म्हणजे गणितवाले, एवढं कुणीतरी सांगितल्यावर काकू म्हणाल्या, ‘मला गणितात पैकीच्या पैकी पडायचे. नववीत होते तेव्हा तुमचं स्थळ आलं.’ काकांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. ‘इतला वरीसमां माले माहीतच नही व्हतं,’ ते म्हणाले. घरातल्या दुधाचा, मजुरांचा, सोसायटीच्या कर्जाचा हिशोब काकूच तोंडी करत आलेल्या. ते काकांना रोज दिसत होतं. त्यामागे सुटलेली शाळा आहे हे दिसलं नव्हतं. नातीला बारावीनंतर पुढे शिकवायचं की नाही यावर त्या घरात चाललेला वाद परत आल्यावर काकांनी एका वाक्यात मिटवला.

संध्याकाळी ऊन उतरलं की धुळ्याचा रस्ता धरावा. वाटेत रसवंती लागतात, लिंबू-आलं घातलेला उसाचा रस मिळतो. रात्री ढाब्यावर शेवभाजी आणि कळण्याची भाकरी मागवावी. बाईला दुसऱ्याच्या हातचं गरम जेवण मिळणं ही लहान गोष्ट नाही. बहुतेक घरांत तिच्या ताटातली भाकरी गार झालेली असते.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे, जुन्या पोथ्यांचा मोठा ठेवा आहे. आवड असेल त्याने सकाळी तिथे जावं. पण मला धुळं म्हटलं की तुरुंग आठवतो. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून, म्हणजे ऐन उन्हाळाभर, विनोबा त्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. आणि ते शब्द टिपून घेत होते साने गुरुजी, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिकवलेले आपले गुरुजी. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्यातून झाला, अनेक भाषांत गेला. गुरुजी स्वतः मोठे लेखक, मोठे वक्ते. तरी त्या उन्हाळ्यात त्यांनी ऐकण्याचं काम पत्करलं, आणि इतकं मन लावून केलं की बोलणाऱ्याचा शब्द आजपर्यंत पोचला. धुळ्यातून जाताना नवऱ्याने एवढी एक गोष्ट मनाशी धरावी. बायको बोलायला लागली की मध्ये तोडू नये, लगेच उपाय सांगू नये, मोबाइल काढू नये. आणि ती गप्प बसली तर तिला बोलतं करायची घाईही करू नये. कित्येक वर्षांचं साचलेलं असतं, ते एका दुपारीत येत नाही.

गाडी स्वतःची हवी असं नाही. या सगळ्या गावांना एस.टी. जाते. पाण्याची बाटली, कैरीचं पन्हं, डोक्याला रुमाल, दोन जोड कपडे एवढं पुरे. मुक्काम कुठे, कुठे उतरायचं, कुठे जास्त थांबायचं हे या खेपेला तिला ठरवू द्या. आणि वाटेत लागणारे सगळे नातेवाईक गाठायचा मोह टाळा, नाहीतर ती पुन्हा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भाकरी थापायला बसेल.

यंदा आखाजीनंतर बायकोला माहेरून आणायला जाल तेव्हा सरळ रस्त्याने परतू नका. आखाजी वैशाख शुद्ध तृतीयेची, अमळनेरला सखाराम महाराजांचा रथ निघतो तो एकादशीला. मधला आठवडा मोकळा असतो.