फळाची इच्छा धरून

सेवा मोजली की तिचं पुण्य जातं, असं आमच्या घरात मानतात. देवळात दिलेल्या शिध्याचा हिशेब आजी कधी ठेवत नसे आणि कुणी ठेवलेला तिला खपत नसे. मी मात्र सध्या तेच करते आहे. उत्तर कॅरोलायनात, रॅले शहराबाहेरच्या एका पशुवैद्यकीय दवाखान्यात मी संध्याकाळी आणि शनिवारी मदतीला जाते. घरी आल्यावर एक्सेलमध्ये तारीख, तास, कोणती जनावरं आणि कोणत्या डॉक्टरांच्या हाताखाली हे सगळं भरते. सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी अजून चालू आहे. पस्तिशी उलटल्यावर पशुवैद्य व्हायचं ठरवलं, तेव्हा हे तास अर्जात लागणार आहेत.

भारतात बारावीनंतर नीट देऊन सरळ पशुवैद्यकाच्या पदवीला जाता येतं. अमेरिकेत आधी कॉलेजातले ठरावीक विषय पूर्ण करायचे आणि मग चार वर्षांचं डीव्हीएम. बहुतेक महाविद्यालयांचा अर्ज ‘व्हीएमकॅस’ या एकाच सामायिक पद्धतीतून जातो, त्याची मुदत सप्टेंबरच्या मध्यावर संपते. माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीत सेंद्रिय रसायन नव्हतं, जीवरसायन नव्हतं, जनुकशास्त्र तर नव्हतंच. ते आता कम्युनिटी कॉलेजात रात्रीच्या वर्गांना बसून चाललं आहे. काही महाविद्यालयं फार जुने गुण धरतही नाहीत, त्यामुळे उशिरा ठरवणाऱ्याने हे विषय नव्याने करणंच बरं. अनुभवाचे रकाने वेगवेगळे असतात: पशुवैद्याच्या देखरेखीखाली केलेलं काम एकीकडे, आणि शेल्टरमध्ये किंवा गोठ्यात तशा देखरेखीशिवाय केलेलं दुसरीकडे. मी नुसती कुत्र्यामांजरांवर थांबले नाही. एका डॉक्टरांबरोबर दुभत्या गाईंच्या फार्मवर जाते, शेळ्यांचे खूर साळताना त्या धरून ठेवते. खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून गाय गाभण आहे का ते डॉक्टर पाहतात, तेव्हा मी नोंदी लिहून घेते.

प्रश्न असा, की मांजराचा पाय धरून डॉक्टरांना शीर दाखवताना माझ्या मनात अर्ज असेल, तर ही भूतदया म्हणायची का? गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला फळावर अधिकार नसल्याचा श्लोक मला लहानपणापासून पाठ आहे. तो आठवला की एक्सेलची ती ओळ भरताना हात अडखळतो.

सांगलीचे माझे मामा संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांना फोनवर हे विचारलं, तर ते गीतेकडे गेलेच नाहीत, मीमांसेकडे वळले. मीमांसक कर्माचे भेद करतात. नित्य कर्म हे कर्तव्य म्हणून करायचं. ते यथाशक्ती, एखादं अंग राहून गेलं तरी चालतं. काम्य कर्म हे एखादी इच्छा धरून करायचं, आणि ते मात्र सगळ्या अंगांसह पुरं व्हावं लागतं. “फळ हवंय ना तुला? मग तुला सूट नाही,” मामा म्हणाले. “ज्याला फळ नको, त्याला एक वेळ सूट आहे.”

मला हे उलटंच वाटलं होतं. निष्काम माणूस जास्त काटेकोर आणि इच्छा धरणारा पाट्या टाकणारा, अशी माझी समजूत होती. पण पिंजरा कुणी कसा धुतला हे पाहिलं, की मामांचं म्हणणं पटतं. जंतुनाशक ओतून ते ठरलेली मिनिटं ओलं राहू द्यायचं असतं, लगेच पुसलं तर पार्व्होचा विषाणू तिथेच राहतो. नुसत्या प्रेमापोटी आलेले लोक पिल्लाला कुरवाळायला धावतात आणि ही मिनिटं विसरतात. मला ती विसरता येत नाहीत. शिफारसपत्र लिहिणाऱ्या डॉक्टर हेच बघत असतात, आणि त्यांचं पत्र वाचण्याचा हक्क मी अर्जात सोडून देणार आहे. फळाची इच्छा माझी आहे. साक्ष मात्र दुसऱ्याच्या हातात आणि माझ्या नजरेआड.

एकनाथांची कावडीची गोष्ट मी आता वेगळी वाचते. काशीची गंगा रामेश्वराला घालायची या संकल्पाने ते निघाले आणि वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला त्यांनी ते पाणी पाजलं. आपण त्यातला त्याग सांगतो. पण संकल्प नसता तर त्या तापलेल्या वाळवंटात कावड आलीच नसती. फळाची इच्छा धरून वाहिलेलं पाणीच गाढवाच्या तोंडी लागलं.

इथवर माझं समाधान होतं. ते मोडतं जनावराला कायमचं झोपवण्याच्या वेळी. मूत्रपिंडं निकामी झालेला एक म्हातारा लॅब्रेडोर होता. मी त्याचा पुढचा पाय धरला, डॉक्टरांनी पेंटोबार्बिटल दिलं आणि छातीला स्टेथोस्कोप लावून त्या थांबल्या. मालकीण त्याच्या कानाशी बोलत होती. 1928 मध्ये साबरमती आश्रमात असह्य वेदनेत पडलेल्या वासराला गांधीजींनी डॉक्टरकडून इंजेक्शन देववून मरण दिलं, त्यावर देशभर गदारोळ झाला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हिंसा ठरते ती स्वार्थाने किंवा रागाने. इथे दोन्ही नव्हतं. ही कसोटी मला लागू केली, तर माझ्या बाजूने स्वार्थ होता. मामांचा नियम इथे पुरत नाही. पिंजरा धुण्यात हेतू कोणताही असो, विषाणू मरतो. मरणाच्या वेळी मात्र, जवळ उभ्या असलेल्या माणसाला त्यातून काय मिळणार आहे हा प्रश्न उरतोच, आणि तो उरावा असं मला वाटतं.

म्हणून मी एवढं ठरवलं आहे. त्या संध्याकाळचे तास मी नोंदवले. ते काम झालं, ते लपवणं खोटं ठरलं असतं. पण अर्जाच्या निबंधात त्या कुत्र्याची गोष्ट येणार नाही. अर्ज भक्कम करायला निबंधात एखादा हेलावणारा प्रसंग घाला, असा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला आहे. त्यांनी तो चांगल्या मनाने दिला, तरी मला तो चुकीचा वाटतो. मी फार्मबद्दल लिहिणार आहे: दुभत्या कळपात एका गाईच्या उपचाराचा निर्णय दुधाच्या हिशेबापासून कसा सुटत नाही, आणि डॉक्टर शेतकऱ्याशी ते कसं मोकळेपणाने बोलतात.

आणि प्रवेश मिळालाच नाही तर? अनेकांना पहिल्या फेरीत मिळत नाही. मामांकडे याचंही उत्तर आहे, आणि ते पशूंचंच आहे. ज्याला पशू हवेत त्याने चित्रा नावाचा याग करावा, असं वेदात सांगितलं आहे. आक्षेप घेणाऱ्यांनी विचारलं, याग झाला, पण पशू कुठे आले? त्यावर मीमांसकांनी म्हटलं, की फळ लगेच येईल असं विधीत कुठे सांगितलं आहे? याला पळवाट म्हणता येईल, मी तसं मामांना म्हणालेही. ते म्हणाले, “पळवाट कशी? याग केला नसतास तर ती ठरली असती.” या वर्षी नाही जमलं तर पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज करीन, आणि तोवर फार्मवरचे शनिवार चालूच राहतील.