आधी बाप्तिस्मा, मग जन्म

नॉर्वेतून अमेरिकेला गेलेल्या कुटुंबांची नातवंडे-पतवंडे आपले मूळ शोधू लागली, की त्यांची वाट चर्चच्या नोंदवहीपाशी येते. तिकडे तिला ‘किर्केबोक’ म्हणतात. आज हाती असलेली सर्वांत जुनी वही आंदेबू इथली, १६२३ सालापासूनची. सतराव्या शतकाच्या अखेरीस राजाने हे काम कायद्याने पाद्र्यांवर सोपवले, आणि आता नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागारामुळे या वह्यांची पाने घरबसल्या, फुकट पाहता येतात.

पाने दिसतात, पण माणूस सहजी सापडत नाही. अक्षर जुन्या गॉथिक वळणाचे. खेड्यापाड्यांत कायमची आडनावे जवळपास नव्हतीच. हान्सचा मुलगा ओले हा ओले हान्सेन, तर ओलेची मुलगी ओल्सदात्तर. शिवाय ज्या शेतावर राहायचे त्याचे नाव पुढे लागायचे, आणि कुटुंब दुसरीकडे गेले की तेही बदलायचे. कायमचे आडनाव सक्तीचे झाले ते १९२३ च्या कायद्याने.

खरा पेच मात्र वेगळाच आहे. जुन्या वह्यांत मूल जन्मले कधी, हे बहुधा लिहिलेले नसते. असतो तो बाप्तिस्म्याचा दिवस, तोही ‘ट्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार’ अशा रूपात. ट्रिनिटीचा सण ईस्टरवरून ठरतो, म्हणजे त्या वर्षीचा ईस्टर आधी काढायचा, मग तारीख. ही पाद्र्याची हयगय नव्हे. तारणासाठी बाप्तिस्मा आवश्यक आहे, असे नॉर्वेच्या लुथरन चर्चने मानलेल्या १५३० च्या आउग्सबुर्ग श्रद्धापत्रात स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा लुथरन पाद्र्याच्या लेखी नोंदण्याजोगी सुरुवात ती पाण्यापासूनची. बाळ तगेल असे वाटले नाही, तर सुईण किंवा घरातले कोणीही बाप्तिस्मा उरकून घेई, आणि मूल जगलेच तर पुढे चर्चमध्ये त्यावर शिक्कामोर्तब होई. वहीत ‘घरी बाप्तिस्मा’ एवढेच दिसते. त्या दोन शब्दांमागे अख्ख्या घराची धास्ती असते.

१८१२ च्या आदेशाने छापील रकाने आले. वहीची दुसरी प्रत चर्चच्या सेवकाने ठेवायची आणि दोन्ही प्रती रात्री एका छपराखाली असता कामा नयेत, असा नियम झाला. आग लागली तरी एक प्रत वाचावी म्हणून केवढी ही काळजी! पण त्याच रकान्यांत मूल औरस की अनौरस हेही भरले जाई. दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यातल्या श्रद्धेला मुलाने स्वतः दुजोरा देण्याचा विधी, १७३६ पासून सक्तीचे होते. त्या वेळी मुलाच्या ज्ञानावर आणि वर्तनावर पाद्री शेरा लिही.

वंशज हे सगळे माहिती म्हणून वाचतो, आणि इथेच सावध राहायला हवे. पाद्री नोंद करत होता ती आत्म्यांची. त्यातून रक्ताची नाती उलगडतील, हा त्याचा हेतू नव्हता. ‘अनौरस’ हा त्याच्या धर्माने दिलेला निवाडा आहे, त्या मुलाचे वर्णन नव्हे.

कधी तर वहीतले नावही घरात चालत नसे. अठराव्या शतकात पाद्री थोमास फॉन वेस्तेनच्या पुढाकाराने उत्तरेतल्या मूळच्या सामी लोकांत धर्मप्रचार झाला. त्या काळच्या मिशनऱ्यांनीच लिहून ठेवले आहे, की काही सामी घरांत चर्चमधून परतल्यावर बाळाला पुन्हा न्हाऊ घालत, ख्रिस्ती नाव धुऊन काढत आणि साराहक्का देवीच्या साक्षीने दुसरे नाव ठेवत. वहीत राहिले ते धुऊन टाकलेले नाव. शोध तिथवर अचूक पोहोचला, तरी आई कोणत्या नावाने हाक मारत होती ते हाती लागत नाही.

स्टावांगेर शहरातल्या क्वेकरांची, म्हणजे विधींशिवाय ईश्वराला भजणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची, तऱ्हा आणखी निराळी. त्यांना पाण्याचा बाप्तिस्माच मान्य नव्हता. एलियास तास्तद या क्वेकराने आपली मुले चर्चच्या पवित्र भूमीबाहेर पुरली म्हणून त्याच्यावर खटला झाला. १८२५ च्या जुलैत ‘रेस्टोरेशन’ हे छोटे गलबत अमेरिकेकडे निघाले, त्यात क्वेकर आणि त्यांच्या विचाराकडे झुकलेली मंडळी बरीच होती. राज्याचे चर्च सोडण्याची मुभा ख्रिस्ती लोकांना मिळाली ती वीस वर्षांनी, १८४५ मध्ये.

याच वह्यांची सूक्ष्मचित्रे मॉर्मन पंथाने मोठ्या कष्टाने जमवली. त्यांच्या मंदिरांत जिवंत माणूस मृताच्या वतीने बाप्तिस्मा घेतो, आणि तो स्वीकारायचा की नाही हे त्या आत्म्याने ठरवावे, अशी त्यांची शिकवण आहे. त्यामागची माया खरी आहे. कोणीही पूर्वज मागे राहू नये ही तळमळ हलकी मानण्यासारखी नाही. तरीही नाझी संहारात मारल्या गेलेल्या ज्यूंची नावे या बाप्तिस्म्यांत आली तेव्हा ज्यू संघटनांनी हरकत घेतली आणि १९९५ मध्ये पंथाला त्याबाबत करार करावा लागला. तोच प्रश्न क्वेकर पूर्वजाबाबतही उभा राहतो. ज्या पाण्याला त्याने समजून-उमजून, शिक्षा पत्करून नकार दिला, ते त्याच्या नावाने पुन्हा ओतण्याचा अधिकार वारसाला केवळ रक्ताच्या नात्याने मिळत नाही. वंशावळीत त्याचा बाप्तिस्म्याचा रकाना मोकळा ठेवावा, आणि तो का मोकळा आहे हे शेजारी लिहावे.