अळवावरचं पाणी

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांची टीम अवकाशात पाठवायचा प्रयोग बांधत होती. उपग्रह सोडून झाले की पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा रिकामाच फिरत राहायचा. इस्रोने त्याचा ‘पोएम’ नावाचा फिरता ओटा केला. त्यावर असे छोटे प्रयोग बसवता येतात.

टीममधल्या सगळ्यात धाकट्या मुलीकडे सोल्डरिंग होतं. बोर्ड झाला, हिरवा दिवा लागला, सर ‘ओके’ म्हणाले. तपासणीच्या कागदावर तिनं सही ठोकली.

संध्याकाळी लॅबचे मामा कुलूप लावायला आले. एके काळी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं बोर्डावर हलकंच टकटक केलं. दिवा मिचकला.

“टेबलावर तर नीट चालत होतं, मामा!”

“टेबल हलत नाही म्हणून चालत होतं, पोरी.”

मामांनी भिंग पुढे सरकवलं. एका पिनेवर सोल्डरचा मळकट, गोल मणी बसला होता.

“अळवावरचं पाणी आहे हे. बसलंय, पण धरलेलं नाही. तू नुसतं सोल्डर वितळवलंस. तापवायची असते पिन आणि खालचं तांबं. ती दोन्ही तापली की सोल्डर आपणहून पसरतं.”

मामा गेले. आता हे मामा आणि तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कागदावर सही होतीच. तिला ७ ऑगस्ट २०२२ आठवला. इस्रोच्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात दुसरा टप्पा सुटताना क्षणभर कंपनं झाली, प्रवेगमापक फसले, उपग्रह चुकीच्या कक्षेत गेले. त्यांत सरकारी शाळांमधल्या ७५० मुलींनी घडवलेला ‘आझादीसॅट’ही होता. त्या मुलींचा त्यात काही दोष नव्हता. इथला दोष मात्र तिच्याच हातचा होता, आणि वर गेल्यावर तिथे सोल्डरिंग गन घेऊन कोण जाणार?

सकाळी तिनं स्वतःच सरांना सांगितलं, सही खोडली आणि एकेक जोड भिंगाखाली घेतला. आणखी तीन कच्चे निघाले.

पुढे कंपन-चाचणीत यंत्रानं बोर्ड गदागदा हलवला. हिरवा दिवा जळत राहिला. काहीच घडलं नाही म्हणून कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. दाराशी उभे असलेले मामा तेवढे हसले.

तात्पर्य : दिवा लागला म्हणजे जोड पक्का झाला असं नाही. सही करण्याआधी आपलं काम आपणच हलवून पाहावं.