काळ्या पाण्यावरची सुटी

‘काळे पाणी’ हा शब्द एके काळी आपल्या घराघरांत वावरत असे. कोणी बरेच दिवस दिसला नाही, की ‘काय रे, काळ्या पाण्यावर गेला होतास का?’ असे त्याला विचारीत. खोडकर नातवाला आजी काळ्या पाण्याची भीती घाली; आणि लेक फार लांबच्या गावी दिली, तर आईच्या लेखी तेही काळे पाणीच असे. शब्द तोंडात रुळलेला होता, पण बोलणाऱ्याच्या मनात त्यामागे एक धसका असे. तिकडे गेलेला माणूस बहुधा परत येत नाही, हे सर्वांना ठाऊक होते.

आता तेच पाणी जाहिरातींत निळेशार झाले आहे. पाच रात्री, सहा दिवस, सकाळच्या न्याहारीसह! सरकार ज्या बेटांवर माणसांना बेड्या घालून स्वतःच्या खर्चाने पाठवीत असे, तेथे आपण महिन्यामहिन्याला पैसे बाजूला टाकून हौसेने जातो. अंदमानच्या विमानात मराठी बोलणे कानी पडतेच, आणि कोणीतरी डब्यातली चकलीही पुढे करतोच.

गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर आम्ही चार जुने मित्र तिकडे गेलो. मैत्री शाळेपासूनची; पण गेल्या तीस वर्षांतल्या आमच्या भेटी झाल्या त्या लग्नकार्यांत नाही तर इस्पितळात. म्हणून या खेपेला ठरवले होते एवढेच, की काही ठरवायचे नाही. हॅवलॉक बेटावर – २०१८ साली त्याचे नाव स्वराज द्वीप झाले – राधानगरच्या किनाऱ्यावर आम्ही तीन दिवस अक्षरशः काही केले नाही. पाण्यात डुंबावे, ओल्या अंगाने वाळूत बसावे, शहाळी फोडून घ्यावी, आणि शाळेतल्या मास्तरांच्या नकला कराव्या. तेथे घड्याळ आपल्याकडचेच, पण सूर्य मात्र पूर्वेकडचा. संध्याकाळी पाचच्या सुमारास तो बुडतो, आणि मग गप्पांना भली मोठी रात्र उरते. एकटा माणूस विश्रांती घेतो म्हणजे बहुधा झोपतो. मित्रांच्या संगतीत मात्र जागे राहूनही विसावा मिळतो.

प्रश्न उभा राहिला तो परतीच्या वाटेवर. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासून ज्याला श्री विजयपुरम म्हणतात त्या शहरात, आम्ही सेल्युलर जेल पाहायला गेलो. १८५७ च्या उठावानंतर, १८५८ साली, इंग्रजांनी या बेटांवर कैद्यांची वसाहत सुरू केली. हा तुरुंग त्यानंतरचा, १८९६ ते १९०६ या काळात बांधलेला. मध्यभागी टेहळणीचा मनोरा, आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या त्यातून निघालेल्या सात तिमजली इमारती. प्रत्येक इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे. कैद्याने गजांतून बाहेर पाहिले, तर त्याला समोर भिंत दिसावी, माणूस दिसू नये, या हेतूने केलेली ती बांधणी होती. १९११ ते १९२१ पर्यंत विनायक दामोदर सावरकर येथे होते, आणि त्यांचे वडील बंधू बाबारावही याच तुरुंगात होते. सख्खे भाऊ एका आवारात. पण एकमेकांची भेट दुर्मिळ. बैलाच्या जागी माणूस जुंपून येथे खोबऱ्याचा कोलू फिरवीत, आणि दिवसाकाठी तीस पौंड तेल निघाले नाही, तर शिक्षा होई.

बाहेर आलो तर दाराशी शहाळेवाला. आमच्यातले एक मित्र गणिताचे शिक्षक. ते म्हणाले, ‘मला आता हे घशाखाली उतरायचे नाही.’ आणि मग रात्री खोलीवर वाद पेटला. जेथे दुसऱ्यांनी असह्य दुःख भोगले, तेथे आपण सुख भोगावे की नाही?

दुसरे मित्र वकील. त्यांचे म्हणणे असे, की भूमी खणू तेथे दुःखच लागेल. ‘सिंहगडावर १६७० साली तानाजी पडला. तेथे आपण पिठलं-भाकरी खातो, वर मडक्यातले दही मागतो. मग?’ त्यावर शिक्षक म्हणाले, ‘सिंहगडाला साडेतीनशे वर्षे झाली. येथल्या कैद्यांची नातवंडे अजून हयात असतील.’ वकिलांनी लगेच विचारले, ‘मग सुतक फिटते किती वर्षांनी, तेवढे सांग.’ हा प्रश्न थट्टेचा वाटतो; पण त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते उत्तर आमच्या मोटारीच्या चालकाकडून मिळाले. त्याचे पणजोबा जन्मठेपेवर आलेले. असे वंशज तेथे पुष्कळ आहेत. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या कैद्यांनी शिक्षा भोगून तेथेच संसार थाटले, आणि हिंदुस्थानी ही त्यांची घरची बोली झाली. शिक्षकांनी त्याला भीत भीत विचारले, की आम्ही येथे येऊन मजा करतो, याचे तुम्हांला काही वाटते का? तो हिंदीत जे बोलला त्याचा आशय असा, की साहेब, हे आमचे गाव आहे. आमची लग्ने येथेच होतात, बारशीही येथेच. तुम्ही हसू नका म्हणालात, तर आम्ही जायचे कोठे?

ते बोलणे मला फार मोलाचे वाटले. एखाद्या जागेला कायमचे सुतकात बसवणे हाही तेथे राहणाऱ्यांवर अन्यायच आहे. त्या तुरुंगाच्या सातांपैकी तीनच इमारती आज उरल्या आहेत; त्याच्याच आवारात १९६३ साली रुग्णालय उभे राहिले. जेथे माणसे खचावी म्हणून भिंती बांधल्या, तेथे आता आजारी माणसे बरी होतात. याहून त्या जागेची चांगली शांत कोणती करणार?

परंतु याचा अर्थ वकिलांचे सगळेच खरे, असाही नव्हे. शहराच्या समोर, पाण्याच्या लहानशा पट्ट्यापलीकडे, रॉस नावाचे चिमुकले बेट आहे. २०१८ पासून त्याला नेताजींचे नाव आहे. इंग्रज अधिकारी तेथे राहत. त्यांचे चर्च होते, पाव-बिस्किटांची भट्टी होती, टेनिसची मैदाने होती, नाचघर होते. हे सगळे कैद्यांच्या श्रमांवर उभे राहिले. आज त्या भिंतींना झाडांच्या मुळांनी विळखा घातला आहे आणि पडक्या दारांतून हरणे फिरतात. तेथे उभे राहिल्यावर मला वाटले, ही माणसेही सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर बसून हसतच असतील. समुद्र तोच, नारळही तेच. मग त्यांच्या आणि आमच्या हसण्यात फरक कोणता?

फरक आहे तो इतकाच, की त्यांच्या सुखाला समोरचा किनारा विसरावा लागत होता. समोरचा मनोरा नीट पाहिला असता, तर पावले नाचली नसती. ज्या सुखासाठी कोणाला तरी नजरेआड करावे लागते, ते सुख कितीही देखणे असले तरी सदोष आहे. आणि ही कसोटी आपल्यालाही लागू आहे. भाऊबीजेला घरी न जाता आपल्या टेबलावर गरम पोळी आणून ठेवणारा मुलगा कोण, त्याला सुटी कधी मिळते, हे विचारायला आपल्याला अवघड वाटत असेल, तर आपणही रॉस बेटावरच बसलो आहोत. पाहणे म्हणजे टक लावणे मात्र नव्हे. तेथल्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर जारवा लोक दिसतात; त्यांची छायाचित्रे काढण्यास कायद्याने बंदी आहे. त्यांना पाहण्यासाठी मोटारीच्या काचा खाली करणे हेही त्यांना माणसांत न गणणेच होय. तेथे नजर आवरणे हाच त्यांचा मान.

तुरुंगात वाचलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. १९३३ साली तेथल्या राजबंद्यांनी उपोषण केले. बळजबरीने अन्न घालण्याच्या खटाटोपात तिघांचे प्राण गेले. त्यांच्या मागण्या तरी काय होत्या? खाण्याजोगे अन्न, कोठडीत दिवा, वाचायला पुस्तके, आपसांत बोलण्याची मुभा. ही यादी मी पुन्हा पुन्हा मनात घोळवली. बरे जेवण, उशाशी दिवा, हातात पुस्तक आणि मित्रांशी गप्पा: आम्ही चौघे घरून निघालो, ते याहून अधिक काही मागायला नव्हतो निघालो! जे आम्हांला सुटीत सहज मिळाले, त्यासाठी त्यांना मरावे लागले.

म्हणून मला वाटते, तेथे हसण्यात पाप नाही. मित्राच्या खांद्यावर हात टाकून वाळूत निवांत बसणे, यात त्या बंद्यांचा अवमान तर नाहीच. त्यांना जे नाकारले गेले, नेमके तेच आपण भोगत असतो. फक्त ते भोगताना एवढे ठाऊक असावे, की ही वस्तू स्वस्त नव्हती. आणि जाणीव म्हणजे उदासपणा नव्हे. देवापुढे नैवेद्य ठेवून मग आपण जेवतो, त्याने अन्नाची चव कमी होत नाही.

दिवाळीत आपण दारात पणत्या लावतो, खिडकीत आकाशकंदील टांगतो, आणि तेल संपत आले की आणखी घालतो. दिवा ही मागून मिळवावी लागण्याची वस्तू आहे, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येते? पण याच तेलासाठी कधी काळी माणसे कोलूला जुंपली होती, आणि अंधाऱ्या कोठडीत एक दिवा मिळावा म्हणून त्यांच्यापाठी आलेल्यांनी अन्न सोडले होते. यंदा पणती लावताना मुलांना एवढे सांगावे, आणि मग खुशाल फराळाला बसावे.